सुसाटरावाचे अकरा अंक

“वाचा ना जी गुरुजी! पान तीन वाचा! मोठ्यानं वाचा, मांगच्याईले ऐकू आलं पायजे!”

ओरडत होते आमच्या सरपंचबाईंचे यजमान. सरपंच बाई, पण ओरडण्याचं खातं यांच्याकडं. आपल्या बांधावर उभं राहून यांनी बैलाला ‘हो’ म्हटलं, तर वैनगंगेपलीकडं गडचिरोली जिल्ह्यातला बैल जागच्या जागी थांबतो, असा आवाज. मी वरोऱ्याचा. कापसाच्या बाजारातली बोंब ऐकत वाढलो. पण यांच्यापुढं मीही हळूच कानात बोट घालतो.

सकाळचे नऊ वाजले होते. समाजमंदिराच्या ओट्यावर सगळं गाव बसलेलं. माझ्या हातात ‘सुसाटराव’, अंक पहिला, झेरॉक्सची आठ पानं, कोपरे भज्यांच्या तेलानं पारदर्शक झालेले. आणि खाली, लोक चपला काढतात त्या जागेला लागून, गावाचा ढोरकी उकिडवा बसला होता. लाठी आडवी, हात लाठीवर, नजर चपलांवर. मोजत होता की काय कोण जाणे.

ढोरकी म्हणजे साऱ्या गावाची ढोरं सकाळी जंगलात नेणारा आणि दिवस बुडायच्या आत परत आणणारा माणूस. दरसाल पेरणीआधी गाव बसतं आणि ढोरकी ठरवतं. ठरवतं म्हणजे काय, बावीस वर्षं हाच होता, त्याच्याआधी त्याचा बाप होता. दोन मिनिटांत सभा संपायची आणि लोक चहा प्यायचे. त्या वर्षी मात्र प्रश्न खराच होता: याला ठेवायचं की काढायचं? कारण मागच्या श्रावणात सरपंचांच्या घरची गाभण गाय वाघानं नेली होती. ढोरकी त्या वेळी ढोरांजवळ नव्हता.

वनखात्याचा पंचनामा झाला होता. त्यात पंजा केवढा, गाय किती ओढत नेली, रक्त कुठपर्यंत, सगळं होतं. ढोरकी कुठं होता, हे त्यात नव्हतं. ते लेखी फक्त एकाच ठिकाणी होतं. माझ्या कॉमिकमध्ये. पान तीन.

तर आता हा सुसाटराव कोण, ते सांगतो.

त्या श्रावणातल्या रविवारी गाय गेली. सोमवारी मी शाळेत पोरांना तो किस्सा सांगितला. मंगळवारी पोरं तो मलाच परत सांगायला लागली आणि त्यात दोन वाघ वाढलेले. तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. म्हटलं, याचं पुस्तक झालं पाहिजे. असा एक महाबली, की ज्याला बारा कोसांवरून संकटाचा वास येतो आणि वास आला की तो उलट्या दिशेनं सुटतो. अंगावर ढोरक्याची घोंगडी, ती वाऱ्यावर फडफडते. धोतरावरून पट्ट्यापट्ट्याची चड्डी. आणि डोक्याच्या मागच्या बाजूला रबराचा मुखवटा. आमच्या भागात वनखात्यानं हे मुखवटे वाटले होते. वाघ मागून येतो, मागं माणसाचं तोंड दिसलं की येत नाही, असं म्हणतात. आमचा ढोरकी तो मुखवटा इमानानं बांधायचा. सुसाटरावाला त्यामुळं दोन तोंडं. आपण पुढं पळतोय की मागं, हे त्याचं त्यालाच कळत नाही. आणि संकटात सापडलेल्यांना त्याचं एकच वाक्य: “भेऊ नोका, मी चाललो!”

हे वाक्य मला सुचलं तेव्हा मी एकटाच खोलीत इतका हसलो की घरमालकीण बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

चित्रं काढायला तालुक्याचा पेंटर गाठला. बापजाद्यांपासून पाट्या रंगवणारं मुसलमान घर. यानं ट्रकांच्या मागं इतके वाघ काढले, की जंगलातले वाघ आपला चेहरा बरोबर आहे का ते पाहायला हायवेवर येत, असं मी लोकांना सांगतो. फ्लेक्स आला आणि ब्रश बसला. आता तो गाड्यांच्या नंबरप्लेटा करायचा आणि दिवसभर हात शिवशिवायचा. मी कथा सांगितली. चाचा पोट धरून हसला. मग म्हणाला, “गुरुजी, कथा बराबर है. लेकिन मुंह तो देखना पडेंगा. बिना देखे मैं वाघ भी नहीं बनाता.”

म्हणून एका दुपारी तो मोपेडवर गावात आला. ढोरकी नुकताच पाणवठ्यावरून ढोरं घेऊन आलेला. मी त्याला बोलावलं. म्हणालो, “भाऊ, तुमचं चित्र काढाचं आहे. शाळेत लावाचं. गावातल्या मोठ्या माणसाईचं.”

“माह्यं?” त्यानं मागं वळून पाहिलं, दुसरा कोणी उभा आहे का ते. मागं त्याचाच मुखवटा.

“तुमचंच.”

“मंग दहा मिंट थांबा जी.”

हातपंपावर तोंड धुतलं, हातपाय धुतले, घरी गेला. आला तो पांढरंस्वच्छ धोतर, लाल फेटा, लाठीला तेल लावलेलं. लग्नातसुद्धा इतका सजला नसेल, असं त्याची बायको दारातून म्हणाली. चाचासमोर ताठ उभा राहिला. घाम डोळ्यात गेला तरी पापणी लववली नाही. फक्त एकदा विचारलं, “गुरुजी, मुखवटा काढू का राहू देऊ?”

“राहू द्या भाऊ, राहू द्या,” मी म्हणालो. “त्यातच त सारी मजा आहे.”

चाचानं चेहरा काढला. कान, कानातली बारीक बाळी, समोरचे दोन दात, सगळं हुबेहूब. ते चित्र शाळेत लागलं नाही. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर लागलं, खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी जोडून.

अंक सुटला आणि गाव वेडं झालं. पानठेल्यावर दोरीला टांगलेला अंक तासाला बदलावा लागायचा, हसणाऱ्यांच्या थुंकीनंच कागद विरघळायचा. आणि शाळेत तर चमत्कार. चार वर्षं ‘क’च्या पुढं ‘का’पर्यंत न पोचलेलं पोरगं ‘सुसाटरावानं धूम ठोकली’ असं घडाघडा वाचायला लागलं. मी तो अंक वाचन-सुधारासाठी लावला. वर्गात गट केले: एक गट सुसाटरावाचे शब्द वाचणार, एक गट वाघाचे, एक गट ढोरांचे. केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले, ऐकत बसले, डोळे पुसले. माझी पाठ थोपटून म्हणाले, “स्थानिक साहित्यातून वाचन! यालाच म्हणतात उपक्रम.” फोटो काढून सगळ्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. नव्वद अंगठे आले. मी मोजले, पुन्हा मोजले.

मग काय, अंकावर अंक. दुसऱ्या अंकात सुसाटराव सूरजागडला जातो आणि लोखंडाच्या दगडांनी भरलेला ट्रक छातीनं अडवतो. ट्रक दोन दिवसांपासून पंक्चर उभा असतो. चौथ्यात छत्तीसगडकडून हत्ती येतात, तर हा गावाच्या वतीनं त्यांच्याशी तह करून येतो, साऱ्या गावाचं धान देऊन. सातव्यात जिवतीच्या डोंगरावरून घोंगडी पसरून उडतो आणि थेट एका लग्नाच्या मांडवात, वरणाच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात पडतो. वऱ्हाडी म्हणतात, काढा रे याला. हा म्हणतो, जेवल्यावर काढा. दर अंकात कोणीतरी मरता मरता हाक मारतं, आणि दर अंकात तेच: “भेऊ नोका, मी चाललो!”

ढोरक्याला वाचता येत नव्हतं. पण गाव ऐकवत होतं ना. सकाळी ढोरं सोडताना बाया दारातून म्हणायच्या, “भेऊ नोका!” आणि पोरं मागून पुरी करायची. पहिले काही दिवस तो नुसता बघायचा. मग हसायला लागला. मला वाटलं, बघा, कलेनं माणूस कसा मोकळा होतो.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गायगोधन. ढोरक्याचा वर्षातला एकच मानाचा दिवस. ढोरांची शिंगं रंगवलेली, हातात मोरपिसांचा जुडगा, आणि तो दारोदार दोहे म्हणत फिरतो. ज्या घरची जितकी ढोरं, त्या घरून तसा बोजारा, म्हणजे दिवाळीचं धान. त्याचा गळा चांगला होता, हे मी कबूल करतो. पहिल्या दारात त्यानं दोहा उचलला आणि अर्ध्यातच पोरांनी आरोळी ठोकली. दुसऱ्या दारात तेच. दोहा कोणाला ऐकूच येईना. तिसऱ्या दारात तो थांबला. मोरपिसं बायकोच्या हातात दिली, घोंगडी खांद्यावर उडवली, आणि स्वतःच ओरडला, “भेऊ नोका, मी चाललो!” आणि चार पावलं पळून दाखवलं. पळताना एक पाय जरा ओढायचा तो.

लोक अक्षरशः जमिनीवर लोळले. एक म्हातारी हसता हसता भिंतीला टेकली आणि म्हणाली, “मेले गा बापा, मेले!” घरधनिणीनं सुपाऐवजी टोपली भरून धान ओतलं. झालं. चौथ्या दारापासून त्यानं दोहे सोडलेच. सत्तर घरं. सत्तर वेळा पळाला. बायको मागून पोतं धरून चालत होती, तोंडावर पदर. ती हसत होती की काय, मला दिसलं नाही. मी नवव्या अंकाची टिपणं घेत होतो.

तर असा हा सुसाटराव त्या सकाळी माझ्या हातात होता.

“वाचा ना जी!”

मी वाचलं. चौकट पहिली: झुडपातून वाघ, तोंडात ‘डुर्रर्र’. चौकट दुसरी: सुसाटराव ढोरांकडं पाहून म्हणतो, भेऊ नोका, मी चाललो. चौकट तिसरी: धुळीचा लोट, त्यात मागं राहिलेली एक चप्पल. खाली ओळ: ‘आणि गाय बिचारी वाट पाहतच राहिली.’

लोक हसले. पण सरपंचांचे यजमान हसले नाहीत. त्यांची गाय होती. ते उभे राहिले, माझ्या हातून अंक घेतला आणि साऱ्या गावाला फिरवून दाखवला, तलाठी नकाशा दाखवतो तसा. “हे लेखी आहे. चित्रासहित आहे. गुरुजीनं लिवलं आहे, कोण्या ऐऱ्यागैऱ्यानं नाई. आता तूच सांग बे, तू ढोरं सोडले का नाई?”

“सोडले,” ढोरकी म्हणाला.

“पयला का नाई?”

“पयलो.”

“आन दिवाळीले साऱ्या गावाले पयून दाखवलं का नाई? सोता?”

“दाखवलं.”

“मंग कुठी पयला होता, ते त सांग!”

आता ढोरक्यानं चपलांवरची नजर काढली आणि माझ्याकडं पाहिलं.

पान तीनवर काय नाही, ते सांगायची वेळ आली. त्या रविवारी मी जंगलात होतो. सात्या वेचायला गेलो होतो. सात्या म्हणजे श्रावणात वारुळाजवळ उगवणाऱ्या छत्र्या. मटणाच्या तोंडात मारेल अशी भाजी. पिशवी निम्मी भरली आणि वीस पावलांवर गवत हललं. वाघ मी पूर्ण पाहिला नाही. कान पाहिले. लोकांना सांगताना मी मिशासुद्धा मोजतो, पण पाहिले फक्त कान. पुढचं मला आठवतं ते एकदम मोहाच्या झाडावरून. चाळीस फूट चढलो असं मी म्हणतो. बारा असेल. एक चप्पल खाली राहिली, पॅन्ट ओली झाली, आणि मी जी बोंब मारली ती सरपंचांच्या यजमानांनासुद्धा जमणार नाही.

ढोरकी तिकडं नाल्याच्या पल्याड ढोरांजवळ होता. त्यानं ऐकलं. ढोरं सोडली आणि पळत आला, तो पाय ओढत. माझ्या झाडाखाली उभा राहिला, लाठीनं बुंधा बडवत, शिव्या देत, हाका मारत. अर्धा तास. वर पाहून मला म्हणत होता, “भेऊ नोका गुरुजी, मी आलो. मी आहो इथी.” मधेच दूर ढोरं हंबरली. त्यानं तिकडं पाहिलं. मी वरून ओरडलो, “जाऊ नोको! माह्या जिवाची शपथ आहे तुले, जाऊ नोको!” तो गेला नाही. मग हंबरणं थांबलं.

खाली उतरल्यावर त्यानं मला माझी चप्पल शोधून दिली. मी म्हणालो, जा आता, ढोरं पाहा. आणि मी दुसऱ्या वाटेनं, ओली पॅन्ट सात्यांच्या पिशवीनं झाकत गावात आलो. लोकांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, ढोरकी ढोरं सोडून पळताना पाहिला मी.

खोटं काय होतं त्यात? पाहिलाच होता.

म्हणून त्या सकाळी त्यानं माझ्याकडं पाहिलं. वाटलं, आता हा तोंड उघडणार. सुसाटराव खाली बसणार आणि मी उभा राहणार, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत. शंभर माणसं वळून बघत होती. मी काय केलं? तेच केलं जे मला येतं. अंक उंच धरला आणि मोठ्यानं म्हणालो, “भेऊ नोका...”

“मी चाललो!” गावानं पुरं केलं. पत्रे हलले हसण्यानं.

हसणं ओसरलं तेव्हा ढोरकी पुन्हा चपलांकडं बघत होता. “कुठी पयला होता?” यजमानांनी पुन्हा विचारलं, पण आता त्यांच्याही तोंडावर हसू होतं.

“असाच,” ढोरकी म्हणाला. “पयलो असाच.”

हात वर झाले. बावीस वर्षं आणि बापाची वेगळी, चहा उकळायच्या आत मोकळी झाली. उठताना त्यानं लाठी ओट्याला टेकवून ठेवली. ती गावाची होती म्हणे. मला तेव्हाच कळलं.

मी तालुक्याला गेलो, बाराव्या अंकाची कथा घेऊन. झकास होती: ‘सुसाटराव निवृत्त होतो’. चाचानं ऐकली. चहा मागवला, माझ्यापुढं ठेवला, स्वतः घेतला नाही. म्हणाला, “नहीं बनता अब.” मी म्हटलं, अहो चाचा, लोक वाट पाहून राह्यले. तो एक नंबरप्लेट पुसत म्हणाला, “वो आदमी मेरे सामने धोती बदल के आया था, गुरुजी.” मी बरीच समजूत घातली. शेवटी अकरा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्याची बांधणी करून घेतली, दुसऱ्याकडून. संग्रह शाळेच्या कपाटात आहे. पोरं अजून वाचतात, आता तर बालवाडीतलंही वाचतं.

नवा ढोरकी मिळाला नाही. वाघाच्या तोंडी कोण जाणार? घरटी पाळी लावली; एक दिवस याचं घर, एक दिवस त्याचं. पोळ्यापर्यंत तीन ढोरं गेली. एकदा यजमानांचीच पाळी होती आणि त्यांचाच गोऱ्हा गेला, आवाज असा असूनही. तरी जुन्याला कोणी बोलवायला गेलं नाही. कसं जाणार? त्याच्याकडं पाहिलं की हसूच यायचं.

जानेवारीत मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या गाड्या सुटतात. एका सकाळी शाळेसमोर गाडी उभी. मागं बाया, पोरी, दोनचार जवान पोरं, आणि त्यांच्यात गाठोडं मांडीवर घेऊन तो. घोंगडी नव्हती, बाजारातलं नवं स्वेटर होतं, बायकांसारखी फुलं असलेलं. बायको शेजारी. पोरं फाटकाशी जमली आणि वाक्याचा पहिला अर्धा भाग ओरडली. त्यानं दुसरा अर्धा पुरा केला नाही. पोरांनीच केला.

मी पोरांना आत हाकललं आणि गाडीजवळ गेलो. का गेलो, सांगता येत नाही. ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी इतक्या हळू विचारलं, की माझंच मला जेमतेम ऐकू आलं, “भाऊ, त्या दिवशी सभेत तुम्ही सांगितलं काऊन नाई? की मी झाडावर होतो म्हणून?”

त्यानं गाठोड्याची गाठ सोडली, घट्ट बांधली.

“का झालं असतं, गुरुजी?” तो म्हणाला. “हासले असते.”